बरणीतील फिल्मी फर्न पुन्हापुन्हा कडेने का करपतो? कारणे आणि उपाय

काचेच्या झाकणबंद बरणीत लावलेला फिल्मी फर्न, म्हणजे अगदी पातळ पानांचा नेचा, काही आठवडे हिरवागार राहतो आणि मग एखाद्या दिवशी त्याच्या पानांच्या कडा तपकिरी दिसू लागतात. पाणी कमी पडले असावे असे समजून आपण फवारणी वाढवतो, आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि त्यानंतर तोच प्रकार आधीपेक्षा जोराने सुरू होतो. पुण्यातील माझ्या घरी एकाच बरणीत हे तीन वेळा घडले. चौथ्या वेळी मी फवारणी बंद केली, पाणी बदलले आणि त्यानंतर आजवर ती बरणी करपलेली नाही. या तीन खेपांत मी काय चुकीचे वाचले आणि करपलेल्या पानावरून खरे कारण कसे ओळखावे, हे येथे सविस्तर मांडतो, कारण हा नेचा महागही आहे आणि रानातून पुन्हा आणण्याजोगाही नाही.

सांगतो आहे ते क्रेपिडोमॅनिस मिन्यूटम या जातीविषयी. उष्ण कटिबंधीय आफ्रिकेपासून दक्षिण भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि जपानपर्यंत, तसेच पुढे प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत ही जात पसरलेली आहे. घनदाट सावलीतील ओले खडक, ओढ्याकाठचे दगड आणि झाडांची मॉसने झाकलेली खोडे ही तिची घरे. पान जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे, पंख्यासारखे पसरलेले आणि कडेने बोटाबोटांत फाटलेले असते. जपानी भाषेत तिला ‘उचिवागोके’ म्हणतात. उचिवा म्हणजे गोल हातपंखा आणि गोके म्हणजे मॉस. हे नाव फार नेमके आहे, कारण पहिल्या दृष्टीला हा नेचा आहे हे पटतच नाही. याच हायमेनोफायलेसी कुळातील इतर जाती ज्यांनी लावल्या असतील, त्यांनाही पुढील बहुतेक मजकूर लागू पडेल, कारण या कुळातील चारशेहून अधिक जातींची मूळ अडचण एकच आहे आणि ती त्यांच्या पानाच्या घडणीत आहे.

पानाची घडण समजल्याशिवाय निदान होत नाही

आपल्या कुंडीतील कोणत्याही साध्या झाडाच्या पानाला वरून मेणचट उपत्वचा असते, खालून रंध्रे असतात आणि मध्ये पेशींचे अनेक थर असतात. हवा कोरडी झाली की ते झाड रंध्रे मिटून घेते आणि मुळांतून येणाऱ्या पाण्यावर तग धरते. फिल्मी फर्नच्या पानात शिरा सोडल्या तर पेशींचा एकच थर असतो. त्यावर रंध्रे नसतात आणि उपत्वचा असली तरी नावापुरती असते. या जातीचे खोड दोऱ्यासारखे बारीक आणि केसाळ असते आणि खरी मुळे म्हणावीत असे तिच्याजवळ जवळजवळ काही नसते. म्हणजे पाणी पिण्याचे आणि हवा घेण्याचे काम एकट्या पानावर येऊन पडते, आणि त्याला झाकण घालण्याची सोय मात्र त्या पानाला नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. कोरडी हवा लागली की हे पान काही मिनिटांत पाणी गमावते, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही आणि माझ्या मते वारंवार करपण्याचे मूळ तिथेच आहे: जे पाणी पानावर पडते त्यात जे काही विरघळलेले असेल, ते गाळून देणारी माती किंवा मुळे मध्ये नसल्यामुळे थेट पानाच्या पेशींना भिडते. आपण ज्याला फवारा म्हणतो तो या झाडाच्या दृष्टीने एकाच वेळी पाणी, खत आणि औषध असे सगळे असतो.

आधी करपण्याची नक्षी पाहावी

तपकिरी रंग दिसताच हातात बाटली घेऊ नये. चांगल्या उजेडात, जमल्यास भिंग घेऊन, पान कोणत्या जागेपासून आणि कोणत्या क्रमाने बिघडले ते पाहावे, कारण प्रत्येक कारणाची नक्षी वेगळी असते.

पान संपूर्णच एकदम आत वळले असेल, रंग काळपट किंवा राखट हिरवा असेल आणि कुठेही डाग नसेल, तर ते केवळ सुकलेले आहे. या कुळातील अनेक जाती मूळ स्थानी पाऊस ओसरल्यावर अशाच चुरगळून बसतात आणि ओल मिळताच पुन्हा उलगडतात, त्यामुळे अशा पानाला मेलेले समजून कापू नये. झाकण लावून बरणीतील हवा दमट होऊ द्यावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. पेशी जिवंत असतील तर पान स्वतःच सपाट होते. सुकण्याचा काळ लांबला असेल तर मात्र ते उलगडून पारदर्शक तपकिरी दिसते आणि मग ते गेले असे समजावे.

खिडकीकडच्या बाजूची किंवा सर्वांत वरची पाने आधी फिकट, पिवळसर झाली असतील आणि त्यानंतर त्यांच्या मधोमध तपकिरी चट्टे पडले असतील, तर दोष उजेडाचा किंवा उष्णतेचा आहे. पान काळे, चिकट, बोटाला लागणारे झाले असेल आणि झाकण उघडताच कुबट वास येत असेल, तर ते कुजणे आहे. बरणीतील सर्वांत जुनी दोन-चार पाने सावकाश तपकिरी होत असतील आणि बाजूने नवी पाने येत असतील, तर तो आजारच नाही.

उरते ती मुख्य तक्रार. पानाच्या बोटांची टोके आधी तपकिरी होतात, मग कडेने एक अरुंद पट्टी होते, ती हळूहळू आत सरकते आणि शिरेजवळचा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो. पान ओलसरच असते, वळलेले नसते. बरणीतील आर्द्रता पुरेशी असते. काचेवर जिथे पाण्याचे ओघळ वाळले असतील तिथे पांढरट डाग दिसतात. ही नक्षी क्षारांची आहे. बहुतेक बरण्यांत पुन्हापुन्हा उद्भवणारा त्रास हाच असावा असे माझे मत आहे, कारण बाकीची कारणे एकदा दुरुस्त केली की थांबतात आणि हे कारण मात्र आपल्या उपायानेच वाढत जाते.

क्षार साठतात कसे

माझ्या बरणीत दोन खेपा झाल्या तोवर मी नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरत होतो. पाणी शिळे केले की दोष जातो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. रात्रभर ठेवल्याने मोकळा क्लोरीन बराचसा निघून जातो हे खरे आहे, परंतु विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार तिथेच राहतात. पाणी उकळले तर कार्बोनेटमुळे आलेला जडपणा भांड्याच्या तळाशी बसतो, पण वाफ निघून गेल्यामुळे उरलेले क्षार थोडे अधिकच दाट होतात. ज्या इमारतींत उन्हाळ्यात बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते, तिथे तर एकाच नळाचे पाणी जानेवारीत वेगळे आणि मे महिन्यात वेगळे असते. माझी बरणी दर वेळी फाल्गुन-चैत्रातच का बिघडते, याचा अर्धा उलगडा मला इथे झाला.

गणित अगदी साधे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपले पाणी ४०० चे आहे असे धरले तर ते आपल्याला पिण्यास योग्यच आहे. आता रोज १० मिलिलिटर फवारले तर महिन्याला ३०० मिलिलिटर पाणी आणि त्यासोबत १२० मिलिग्रॅम क्षार बरणीत जातात. तीन महिन्यांत साधारण एक चिमूट मीठ होते. ज्या झाडाचे सगळे हिरवे अंग काही ग्रॅमही भरत नाही आणि ज्याच्या पानात पेशींचा एकच थर आहे, त्याला ही चिमूट फार झाली.

बंद बरणीत हे क्षार सगळीकडे सारखे पसरत नाहीत, ते नेमके पानापाशी जमतात. पानावरून आणि मॉसवरून जे पाणी वाफ होऊन उडते ते निव्वळ पाणी असते. ते थंड काचेवर जमते आणि ओघळून तळाला जाते. क्षार मात्र उडत नाहीत, ते जिथून पाणी उडाले त्या पानाच्या कडेवरच राहतात. दुसरीकडे तळाचे पाणी वीट, कौल किंवा मॉस यांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, वरच्या पृष्ठभागावर उडते आणि तिथेही क्षार मागे सोडते. ओलीने भिंतीला लोणा लागतो तो याच रीतीने. बरणीतील कौलाच्या तुकड्याच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर फर्नच्या पायाशी लोणा लागला आहे असे खुशाल समजावे.

आता फवारणी वाढवल्यावर काही दिवस बरे का वाटते, तेही कळते. जास्त पाण्याने कडेवरचे दाट क्षार तात्पुरते पातळ होतात आणि खाली वाहतात. परंतु त्या पाण्याबरोबर नवे क्षारही आत आलेले असतात, ते पुन्हा वर चढतात, आणि पुढची खेप आधीपेक्षा जड असते. मला हे ध्यानात आले ते पावसाळ्यात. त्या वर्षी आषाढात गच्चीवर ठेवलेल्या पातेल्यात साठलेले पाणी हाताशी होते म्हणून मी तेच वापरले आणि बरणी भाद्रपदापर्यंत सुंदर फुलली. दिवाळीनंतर पुन्हा नळाच्या पाण्यावर आलो आणि मार्गशीर्षात पहिली तपकिरी टोके दिसली. उजेड तोच होता, बरणी तीच होती, बदलले होते ते फक्त पाणी.

कोणते पाणी चालते

पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. ते नसेल तर वाहनांच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर चालते, मात्र ते सीलबंद आणि निव्वळ पाणीच असावे. बॅटरीत भरण्याचे आम्लही दुकानात शेजारीच ठेवलेले असते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उचलू नये. घरातील आरओ यंत्राचे पाणी चालेल असे सरसकट सांगता येत नाही, कारण अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते आणि बाहेर येणारे पाणी ८० ते १५० टीडीएसचे असू शकते. टीडीएस मोजण्याचे पेनासारखे यंत्र स्वस्तात मिळते, ते घ्यावे. मी ३० च्या आतील पाणीच वापरतो. यंत्र नसेल तर स्वच्छ आरशावर पाण्याचा एक मोठा थेंब वाळू द्यावा. पांढरे कडे उठले तर ते पाणी या नेच्यासाठी नाही.

वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते म्हणून अनेक जण ते सुचवतात. मी ते टाळतो. ते पाणी धूळ साचलेल्या धातूच्या नळ्यांवरून येते आणि त्यात तांब्याचा अंश उतरू शकतो. तांबे या नाजूक पानांना घातक असते. त्याच कारणाने तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी आणि बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त बुरशीनाशके बरणीच्या जवळपासही नेऊ नयेत. खताची तर मुळीच गरज नाही. द्रवरूप खताचा अगदी पातळ फवाराही शेवटी क्षारांचाच फवारा असतो.

बिघडलेली बरणी धुऊन काढणे

क्षारांचे निदान पक्के झाल्यावर बरणीतील साठा बाहेर काढावा लागतो, केवळ पुढचे पाणी बदलून भागत नाही. तळाशी साचलेले सर्व पाणी आधी जाड सुईच्या पिचकारीने किंवा बारीक नळीने ओढून घ्यावे. मग पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी पानांच्या वरून अगदी सावकाश, चमच्याने सोडावे, जेणेकरून ते मॉसमधून आणि कौलावरून उतरत तळाला येईल. अर्धा तास थांबून ते पुन्हा ओढून घ्यावे आणि मोजावे. माझ्या बरणीतून पहिल्या धुण्याचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही जड निघाले होते. एक दिवस सोडून पुन्हा धुवावे. असे तीन किंवा चार वेळा केल्यावर उतरणारे पाणी ५० च्या खाली येते आणि तिथे थांबावे. काचेवरचे पांढरे डाग त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावेत. लिंबू किंवा व्हिनेगर बरणीत रोप असताना वापरू नये.

पायाशी सिमेंटचा तुकडा, चुनखडीचा दगड किंवा शिंपले असतील, तर कितीही धुतले तरी जडपणा परत येत राहील. ते काढून जुने, चांगले भिजवून ठेवलेले कौल, छिद्राळ ज्वालामुखी दगड किंवा झाडाच्या सालीचा टिकाऊ तुकडा ठेवावा. कोकोपीट वापरायचे असल्यास ते धुऊन मीठ काढलेलेच असावे, कारण नारळाच्या काथ्यात मूळचेच क्षार बरेच असू शकतात.

यानंतरचा काळ कठीण असतो तो आपल्याला, झाडाला नव्हे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे आठवड्याभराने बरणी पाहून काहीच सुधारले नाही असे वाटते आणि पुन्हा काहीतरी करण्याचा मोह होतो. जुन्या पानांकडे पाहून निकाल देऊ नये. काडीच्या टोकाशी उगवणारे नवे पान पाहावे आणि त्याला सहा ते आठ आठवडे द्यावेत. तपकिरी पाने सरसकट छाटूनही टाकू नयेत. या जातीची एक खुबी अशी की पानाच्या देठावरूनच नवी पाने फुटतात, आणि वरचे पाते पूर्ण करपलेले असताना त्याच्याच देठावरून नवा हिरवा पंखा निघालेला मी अनेकदा पाहिला आहे. छाटायचे असेल तर केवळ बुरशी आलेला, मऊ पडलेला भाग काढावा.

झाकण

झाकण वारंवार काढून फवारणे ही सवय दुहेरी नुकसान करते. पुण्यासारख्या ठिकाणी मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. अशा वेळी झाकण काढले की बरणीतील दमट हवा लगेच बाहेर जाते, पानाची कड सुकते, आणि आपण त्या सुकलेल्या कडेवर क्षारांचे पाणी मारतो.

बंद बरणीतून पाणी जवळजवळ बाहेर जात नाही, म्हणून ते रोज घालावे लागत नाही. १८२९ साली लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ठेवण्यासाठी एका झाकणबंद बाटलीत ओली माती भरली आणि त्या मातीत आपोआप एक नेचा व गवताचे एक रोप उगवले. वरून पाणी न घालता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. ती मेली ती वॉर्ड बाहेरगावी असताना, झाकण गंजून आत पावसाचे पाणी शिरल्यामुळे. काचेच्या पेटीत झाडे वाढवण्याची आणि जहाजातून दूरदेशी नेण्याची पद्धत पुढे याच अनुभवातून आली. आपल्या बरणीलाही नीट बसणारे झाकण असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा चमचा-दोन चमचे पाणी पुरते. सकाळी काचेच्या एका बाजूला हलके बाष्प दिसावे आणि दुपारपर्यंत ते विरावे. दिवसभर ओघळ वाहत असतील तर पाणी जास्त आहे किंवा एका बाजूने काच तापते आहे. बाष्प कधीच दिसत नसेल तर झाकणातून हवा जाते आहे.

उजेड आणि उन्हाळा

घनदाट पावसाळी रानाच्या तळाशी वरच्या उजेडाचा एक-दोन टक्केच भाग पोहोचतो आणि हा नेचा त्यावरच जगतो. त्याला ५०० ते १५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड दिवसाला दहा-बारा तास मिळाला तरी तो समाधानाने वाढतो. मोबाइलमधील उजेड मोजण्याची ॲप अचूक नसतात, तरी अंदाजापुरती चालतात. भर उन्हाचा उजेड लाखभर लक्सच्या घरात असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सूर्यप्रकाशाचा कवडसा बंद काचेवर अर्धा तास जरी पडला तरी आतील हवा भाजण्याइतकी तापते. ऋतू बदलला की खिडकीतून येणाऱ्या उन्हाची जागा सरकते, म्हणून डिसेंबरात सुरक्षित असलेला कोपरा मार्चमध्ये सुरक्षित असेलच असे नाही. महिन्यातून एकदा सुटीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवावे.

तापमान १८ ते २६ अंश असावे. तीस अंशांच्या वर काही दिवस सलग गेले की वाढ थांबते आणि पाने फिकट पडतात. वातानुकूलन नसलेल्या घरात मी एक जुना उपाय करतो. मातीच्या रुंद कुंड्यात वाळू भरून ती ओली ठेवतो आणि बरणी त्या वाळूत निम्मी रोवतो. पाणी उडताना कुंडे थंड होते, माठातील पाणी गार होते तसे. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात याने चांगला फरक पडतो. मुंबईत आणि कोकणात हवा आधीच दमट असल्यामुळे हा उपाय फारसा लागू पडत नाही, तिथे घरातील सर्वांत आतली, जमिनीलगतची, फरशीची थंड जागा शोधणे बरे. वाळूला नळाचे पाणी चालते, कारण ते बरणीच्या बाहेर आहे.

पावसाळ्यात कुजणे

पावसाळ्यात उलटी तक्रार येते. पाने काळी पडतात, मॉसवर पांढरी जाळी धरते आणि वास येतो. ओलीवर जगणाऱ्या झाडाला ओल जास्त कशी होईल, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पानावर पाण्याचा जाड थर सतत राहिला तर हवेतील कार्बन डायऑक्साइडला त्या थरातून पानापर्यंत पोहोचावे लागते, आणि हा वायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. म्हणून पान पाण्यात बुडालेले असताना उपाशी राहते आणि उपाशी पानावर बुरशी लवकर चढते. आंबोलीच्या धुक्यात उभे राहून पाहिले तर कळते की तिथले खडक भिजलेले असले तरी पाणी सारखे निथळत असते आणि वाऱ्याची झुळूक येत-जात असते. बरणीत निथळण्याची सोय आपण करायची: फर्न तळाच्या पाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर उंच, तिरक्या पृष्ठभागावर असावा. जून ते सप्टेंबर या काळात पहाटे दहा मिनिटे झाकण उघडावे. बाहेरची हवा तेव्हा दमटच असल्यामुळे त्याने इजा होत नाही. मेलेला भाग चिमट्याने उचलून घ्यावा. स्प्रिंगटेल नावाचे बारीक, उडी मारणारे जीव मॉसबरोबर आले असतील तर त्यांना मारू नये, ते बुरशीच खातात.

हिरवा लेप खरवडण्यापूर्वी

कौलावर किंवा सालीवर हिरवा लेप चढला की शैवाल समजून तो खरवडला जातो. तो गुळगुळीत, बुळबुळीत आणि निळसर हिरवा असेल तर खरोखर काढावा आणि उजेड कमी करावा. पण तो बारीक तंतूंचा, लोकरीसारखा, बोटाला कोरडसर आणि दाबल्यावर वर येणारा असेल, तर हात आवरावा. या गटातील फर्नची गंतुकधारी अवस्था, म्हणजे पाने असलेले झाड तयार होण्यापूर्वीची पिढी, अशीच तंतूंच्या जाळ्यासारखी असते आणि ती पानांची वाट न पाहता वर्षानुवर्षे स्वतंत्र जगू शकते. अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतराजीत याच प्रजातीतील क्रेपिडोमॅनिस इंट्रिकेटम नावाची एक जात खडकांच्या अंधाऱ्या कपारींत केवळ अशा हिरव्या तंतूंच्या रूपातच आढळते, तिची पाने असलेली पूर्ण झाडे रानात सापडतच नाहीत. आपल्या बरणीतील तो लेप पुढच्या पिढीची सुरुवात असू शकतो. दुसऱ्या खेपेला मी असा एक लेप ब्रशने घासून काढला होता, त्याची मला आजही खंत वाटते.

येथेच एक विनंती करतो. बरणी पुरती मेली तर सह्याद्रीतून एखादा गठ्ठा उचलून आणावा असा विचार मनात येऊ शकतो, कारण पश्चिम घाटाच्या ओल्या रानांत या कुळातील जाती आहेतच. तो विचार सोडून द्यावा. अभयारण्यातून आणि राखीव वनातून परवानगीशिवाय वनस्पती आणणे कायद्याने मना आहे. शिवाय खडकावरून सोललेला गठ्ठा बहुधा महिन्याभरात मरतो आणि ती कपार मात्र पुढे कित्येक वर्षे उघडी राहते. आपलीच बरणी सुदृढ असताना नखाएवढा तुकडा, दोऱ्यासारख्या खोडासह, दुसऱ्या लहान बाटलीत ओल्या मॉसवर ठेवून द्यावा. पहिलीला काही झाले तर दुसरी शिल्लक असते. माझ्याकडे आता तीन बाटल्या आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या आहेत.

पावसाचे पाणी साठवण्याविषयी शेवटचे थोडे. वळवाचा आणि मृगाचा पहिला पाऊस हवेतील धूळ घेऊन येतो, म्हणून तो जाऊ द्यावा आणि पाऊस दोन-तीन आठवडे लागून राहिल्यावरच पाणी धरावे. ते पत्र्यावरून किंवा सिमेंटच्या गच्चीवरून ओघळलेले नसावे. उघड्या आकाशाखाली स्टीलचे रुंद पातेले स्टुलावर ठेवावे, म्हणजे जमिनीवरचे शिंतोडेही उडत नाहीत. पाणी स्वच्छ सुती कापडातून गाळून काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे आणि अंधाऱ्या फडताळात ठेवावे. उजेडात ठेवले तर महिन्याभरात हिरवे होते. एका बरणीला वर्षभरासाठी दोन लिटर पाणी भरपूर होते आणि मध्येच धुण्याची वेळ आली तर आणखी दोन लिटर हाताशी असावे. बाटलीवर भरल्याची तारीख आणि टीडीएसचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, कारण एप्रिलमध्ये पानाचे टोक तपकिरी दिसले तर सर्वांत आधी त्या आकड्याकडेच पाहावे लागते.